मी न बदललेलं तेल

मी, एशेनकुल जुमाबाएव, वय एकाहत्तर, राहणार नारीन, धंदा गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काय ते सांगितलं आहे. डोकं मात्र शाबूत आहे, सगळं आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

१. राहतं घर, दोन्ही गाई आणि बँकेतली शिल्लक पत्नी सायरा हिची. घर विकायचा विषय मुलांनी तिच्यापुढे काढू नये.

२. गॅरेज, गाडीखाली उतरायचा खड्डा, चेन-पुली आणि सगळे पाने मुलगी बुरुल हिला. थोरला मुलगा रागावेल. दहा वर्षांत त्याने पान्याला हात लावलेला नाही, त्यामुळे त्याचा राग मी विचारात घेतलेला नाही. मोठा जॅक शेजारच्या तोलोगोनने सहा वर्षांपूर्वी 'उद्या आणतो' म्हणून नेला आहे. तो मागून घ्यावा.

३. बुरुलला अट एकच. थंडी पडायच्या आधी गिअरबॉक्समधलं उन्हाळी तेल काढून पातळ तेल घालायचं, तेही ड्रायव्हरला समोर उभं करून. जुनं तेल बाहेर पडताना त्याने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

ही अट का, ते लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बेइशेन ड्रायव्हरने मालकाची प्रवासी व्हॅन माझ्याकडे सोडली. त्या दिवशी बुरुलच्या लग्नाची बोलणी होती. मी खड्ड्यात उतरलोच नाही. संध्याकाळी त्याने विचारलं, "उस्ता, तेल बदललंत ना?"

"बदललं. बिनधास्त जा."

तीन आठवड्यांनी दोलोनच्या घाटात उणे अडतीस होतं. थिजलेलं तेल बेअरिंगपर्यंत पोचलं नाही, बेअरिंग जळालं, गिअरबॉक्स जाम झाला. क्लच दाबून धरला तरच इंजिन चालू राहायचं, आणि इंजिन चालू तरच आत ऊब. बेइशेनने एका बाईला क्लचवर पाय ठेवून बसवलं, "पाय भरून आला तर दुसऱ्याला बसवा, पण सोडू नका," असं बजावलं आणि मदत आणायला अकरा किलोमीटर चालत गेला. सातही प्रवासी वाचले. त्याच्या दोन्ही पायांची बोटं कापावी लागली.

टॅक्सी स्टँडवर लोकांनी मला कारण विचारलं. मी म्हणालो, "गाडी गरम न करता गिअर हाणतो, मग गिअरबॉक्स बिचारा काय करणार?" सगळे हसले. त्यानंतर बेइशेनला कोणी गाडी दिली नाही. तो कोळशाच्या वखारीवर राखण करतो.

४. वरचं कलम मी गेल्यावर वाचावं, असं आधी ठरवलं होतं. सायराने वाचलं नि म्हणाली, "म्हणजे शिव्या खायला आम्ही, आणि तुम्ही मातीत निवांत? उठा, जाऊन या."

शुक्रवारी गेलो. बेइशेनने चहा ओतला. मी सांगून टाकलं.

"माहीत होतं, उस्ता. घाटात मी खालचा बोल्ट काढून पाहिला होता. तेल नुसतं लोंबत होतं, थेंब पडेना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की! स्टँडवर चारदा बोललो. लोक म्हणाले, आपली चूक उस्तावर ढकलतोय."

मी गॅरेजमधला वाटा देऊ केला.

"बुरुलचं बुरुलला राहू द्या. लंगडत चालायची सवय झाली मला. पण अनारा अजून विचारते, खरंच तुमची चूक नव्हती ना? त्याची सवय होत नाही."

अनारा त्याची बायको.

५. सोमवारी स्टँडवर सांगायला गेलो. तीन तास उभा राहिलो, तोंड उघडलं नाही, परत आलो. त्या खोट्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते. म्हणून आज स्टँडवरचे दोन जुने ड्रायव्हर साक्षीला घरी बोलावले, अनाराला समोर बसवलं आणि वरची चारही कलमं स्वतः मोठ्याने वाचली. मध्ये दोनदा खोकला उसळला. कोणी पाणी दिलं नाही, मीही मागितलं नाही.

वाचून झालं. मग अनारा म्हणाली, "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. हे शेवटचं कलम त्यानंतर, सहीच्या आधी लिहिलं आहे. यात पुढे कोणी खाडाखोड करू नये.

लिहून देणार: एशेनकुल जुमाबाएव (सही)
साक्षीदार: कुबानिच ओमोरोव (सही), असनाली तुरगुनबाएव (सही)
नारीन, १४ ऑक्टोबर २०२३