सात बरोबर सात

सेक्टर ३०, चंदीगड
१४ नोव्हेंबर १९८८

प्रिय उल्का,

देवळालीत रुळलीस का? तुझ्या बाबांची बदली झाली आणि माझी शिकवणी बंदच पडली. हल्ली पाचनंतर मुलींना घराबाहेर कोण पाठवणार? तुझ्याबरोबर शिकणारी हरलीन मात्र अजून येते. गणितं सोडवायला नाही, नुसती बसायला.

तुला फेब्रुवारीतला तो शनिवार आठवतो? मी दोन समीकरणं दिली होती. पहिल्यावरून तू 'य'ची किंमत काढलीस आणि ती पुन्हा पहिल्यातच घातलीस. 'क्ष' उडाला, सात बरोबर सात उरलं, आणि बाईसाहेब खूश. हरलीनला न्यायला आलेला तिचा भाऊ जसपाल दारातच हसला. "बात तो सच है, पर पता क्या चला?" मग तुझ्याच वहीत त्यानं ती किंमत दुसऱ्या समीकरणात घालून दाखवली. 'क्ष' चार, 'य' तीन. तोवर सहा वाजून गेले होते आणि मी त्याच्यासाठी चहा टाकला होता.

त्याच दिवशी सहाच्या सुमारास शहरापासून पन्नास किलोमीटरवर गोळीबार झाला. जसपाल तिथे होता, असं म्हणून मार्चमध्ये पोलिसांनी त्याला पकडून नेलं. चौकशीला माणसं माझ्याकडेही आली होती. हे म्हणाले, आपण परमुलखातली माणसं, यात पडू नकोस. मी सांगितलं, आठवत नाही. उल्का, मला सगळं आठवत होतं. हरलीनला ते ठाऊक आहे, तरी ती येते आणि माझ्या हातचा चहा पिते.

आता मी साक्ष द्यायला तयार आहे. पण वकील म्हणतात, एक सख्खी बहीण आणि दुसरी आधी आठवत नाही म्हणालेली बाई, कोण विश्वास ठेवणार? आठ महिने मी माझंच म्हणणं माझ्याच म्हणण्यात घालून बघते आहे. खरं निघतं, पण त्यानं तो सुटत नाही.

तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही आहे का गं? बदलीच्या वेळी तुम्ही जुन्या वह्या रद्दीत घालता, म्हणून हे विचारायचाही धीर होत नव्हता. असली तर पान फाडू नकोस, अख्खी वही रजिस्टर पोस्टानं पाठव. तुझ्या आईला काळजी वाटायची, म्हणून शिकवणी सुटल्याची वेळ मी रोज वहीत लिहून द्यायचे. जसपालच्या अक्षराखाली माझ्या लाल शाईत तारीख आहे, सहा वीस आहे, आणि माझी सही आहे. ती मला नाकारता येणार नाही.

वाट पाहणारी तुझीच,
शैलजामावशी