साहेबाचं पिस्तूल आमच्या घरचं कसं झालं

कोल्हापूर,
पितृपंधरवडा, १९७४

तीर्थरूप सौ. आक्कांच्या पायांवर धाकट्या भावजयीचा, इंदूचा माथा.

तुमचा गुडघा कसा आहे? चंदगडच्या पावसात तो दुखणारच. पण दाजी रोज वाळूच्या पुरचुंडीनं शेकून देतात असं कळलं, आणि मला फार बरं वाटलं (इथं मी कण्हले, तर तुमचे बंधू रेडिओ मोठा करतात). आत्याबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, ठीक आहेत. मोतीबिंदूमुळं काही दिसत नाही असं सांगतात, पण दुधावरची साय कुणी खाल्ली ते त्यांना बरोबर दिसतं. हात मात्र आता थरथरतात. यंदा नवरात्रातली पूजा तू कर, असं त्यांनी मला सांगून टाकलं आहे.

पत्र लांबणार आहे, तेव्हा गुडघ्याखाली उशी घ्या. मी सध्या इतिहासकार झाले आहे. दसऱ्याला इथल्या एका मंडळानं जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे आणि अशी हत्यारं जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ ते बघायला येणार आहेत. त्यात आजेसासऱ्यांचं विलायती रिव्हॉल्व्हर ठेवायचं, शेजारी त्याचा इतिहास ठेवायचा, असा हुकूम सुटला. "मासिकात गोष्टी लिहितीस न्हवं? मग हे लिही. आणि खरं लिही," असं म्हणून यांनी लगेच आजेसासऱ्यांनी गोऱ्या साहेबाला वाघाच्या तोंडातून सोडवून हे बक्षीस मिळवल्याची गोष्ट सांगितली. (हे सगळं निमित्त हो. उचगावच्या विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून यांचं आणि चुलतभाऊ हंबीरराव यांचं वाजलं आहे. यांनी रागात पिस्तुलाचं नाव काढलं, तर हंबीरराव चारचौघांत म्हणाले, "आण की! तुझ्या बायकूला पापड लाटायला लागत नसंल तर आण." तेव्हापासून यांना जेवण गोड लागत नाही. ते पिस्तूल उडतं का, एवढंच यांना बघायचं आहे.)

तर इतिहास. वाघाचं आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कसला वाघ? सायब बदली हून निघालता, सामान वाटत सुटलता. कारकुनाला घड्याळ दिलं, आमच्या मामंजींना पिस्तूल आन कुत्रं दिलं. कुत्रं गुणाचं हुतं." गुणाचं होतं, पण त्यानं पहिल्याच महिन्यात पिस्तुलाची लाकडी मूठ चावून टाकली. म्हणून ही म्हशीच्या शिंगाची मूठ बसली. आक्का, तुम्ही ती कधी नीट हातात घेतली आहे का? तीन पिढ्यांच्या तळव्यांनी ती अशी गुळगुळीत झाली आहे की उन्हात धरली तर आत मधासारखा उजेड दिसतो. विलायतेत अशी मूठ कुणाला सुचली नसती.

नळीचं तर विचारूच नका. आजेसासऱ्यांनी पिस्तुलाला म्यान करायला चपला करणाऱ्या आपल्या जोतीरामाच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी वेणीची शिवण घातली, लाल गोंडा लावला, चालताना करकर वाजेल अशी तजवीज केली. म्यान इतकं देखणं झालं की बघायला गल्ली लोटली. फक्त ते दोन बोटं आखूड पडलं. आता असं कातडं पुन्हा उसवायला कुणाचा हात धजणार? म्हणून आजेसासऱ्यांनी नळी कापून घेतली. (पुण्याचे गृहस्थ हे वाचून डोक्याला हात लावतील. मला मात्र आजेसासऱ्यांचा निर्णय पटतो. म्यान मीही बघितलं आहे.)

इथवर सगळं आनंदात चाललं होतं. मग हत्यारं दुरुस्त करणारे शमशुद्दीन घरी आले. "वैनी, आमच्या आज्ज्यानं दरबारच्या तोफा नीट केल्या, ह्ये काय चीज हाय!" असं म्हणत त्यांनी पिस्तूल हातात घेतलं. गोळ्यांचं चाक फिरेना. घोडा मागं येईना. जरा ठोकलं, तर नळीतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. "गंज हाय. विलायती गंज," शमशुद्दीन म्हणाले. पिस्तूल रॉकेलात बुडवलं. चार दिवस रोज येऊन ते चाकाशी झटत होते, हे शेजारी बसून उपदेश करत होते, आणि मी चहा करत होते. शेवटी आत तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाई कावल्या आणि ओरडल्या, "अरं, रॉकेलनं साखर विरघळती व्हय रं? कढत पाणी वता की!"

सगळ्यांच्या माना आत वळल्या. आत्याबाईंनी सूप तोंडापुढं धरलं. "मी आपलं अंदाजानं म्हटलं," त्या म्हणाल्या.

कढत पाणी ओतलं. अंगणभर पूजेच्या प्रसादाचा वास सुटला. शमशुद्दीन म्हणाले, "वैनी, पिस्तूल हाय का शिरा?" आणि चाक फिरलं, घोडा खट्ट वाजला. यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते बघून मला उचगावची विहीर आठवली.

संध्याकाळी दिवा लावल्यावर मी आत्याबाईंजवळ बसले. त्याच बोलल्या. "नवी नवरी हुते. सासूनं सांगितलं, खंडेनवमीला हत्यारांची पूजा कर. देवाला घालत्यात तसं मी त्यालाबी पंचामृत घातलं. पुसायचं असतंय, हे मला कुणी सांगितलं?" पुढच्या उन्हाळ्यात त्याच विहिरीवर, त्याच पाण्यावरून, माझ्या मामंजींनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, सख्ख्या भावावर, हंबीररावांच्या वडिलांवर, हे पिस्तूल उगारलं. (तुम्ही तेव्हा पाळण्यात होता.) म्यान करकरलं म्हणून भाऊ वळले. मामंजींनी चाप ओढला. चाक जागचं हललं नाही. पुन्हा ओढला, तर मुंग्या मनगटावर चढल्या आणि कडकडून चावल्या. मामंजी बांधावर नाचायला लागले. ते बघून भावाला हसू फुटलं, मग मामंजींनाही, आणि मग दोघं तिथंच गळ्यात पडून रडले. आत्याबाई भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन हे बघत उभ्या होत्या.

"देवीनं माझा हात धरला," असं मामंजी जन्मभर सांगत राहिले आणि पुन्हा त्यांनी पिस्तुलाला पूजेशिवाय हात लावला नाही. "मग तुम्ही दर वर्षी पंचामृत का घालत होता?" मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "सगळं देवीवरच सोडून चालतंय व्हय?"

आक्का, मी चाळीशी ओलांडली, बायकांच्या धीराच्या कितीतरी गोष्टी लिहिल्या, आणि ही बाई रोज माझ्यासमोर तांदूळ निवडत होती. पहिल्या वर्षी तिनं अजाणता केलं, आणि पुढं जन्मभर जाणून केलं. कुणाला कळलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. मी त्यांचे थरथरते हात बराच वेळ हातात धरून बसले. त्यांनी ते सोडवून घेतले आणि त्या म्हणाल्या, "भात करपंल."

आता पिस्तूल लख्ख झालं आहे. हे सोप्यात बसून खट्ट खट्ट वाजवतात. दसरा झाला की उचगावला जाणार म्हणतात. तुम्ही नवरात्रात नक्की या. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
इंदू

ता. क. इतिहास लिहून दिला. यांना आवडला. कुत्रं आणि मुंग्या गाळल्या आहेत. वाघ ठेवला आहे.

आणखी एक. येताना तुमच्याकडचा रानातला मध आणा. दाट बघून आणा. दूध-तूप घरचंच आहे, पण पंचामृतातली साखर कढत पाण्यानं सुटते, हे आता पुरुषांना कळलं आहे. मधाबरोबर काजूच्या झाडाचा थोडा डिंकही मिळाला तर बघा. खंडेनवमीची पूजा मी मन लावून करणार आहे.

आणि शेवटचं. काल देवळात हंबीररावांची बायको भेटली. घरचे पुरुष बोलत नाहीत म्हणून आम्हीही बोलत नव्हतो. काल बोललो. त्यांच्याही भिंतीवर बंदूक आहे, आणि तिलाही यंदा आमच्या पद्धतीनं पूजा करायची आहे. त्यांची दोन नळ्यांची आहे. तेव्हा मध जरा जास्तच आणा.