अकरा अँपिअर

तांडा, बोरी अरबजवळ
१८ जानेवारी २००७

प्रिय अतिया,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना मनापासून सलाम. निलोफरला मुलगी झाल्याचं बाजारात हुस्नाबीने सांगितलं. तू नानी झालीस. बाळाचा रंग तुझ्यावर आणि नाक जफरभाईंवर गेलंय म्हणे. दोघी मायलेकी बऱ्या असतील.

मी ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. यवतमाळची खोली सोडली आणि तांड्यावर धनसिंगदादाकडे राहायला आले. भाव नाही म्हणून यंदाचा कापूस अजून पडवीतच आहे, पार आढ्यापर्यंत. त्याच्याच शेजारी माझी खाट.

सामान लावताना शाळेतली प्रयोगवही सापडली. कॉन्व्हेंटमध्ये आपल्या दोघींत एक वही असे. तू वाकून सुई वाचायचीस, मी आकडे लिहायचे. सिस्टर आग्नेस म्हणायच्या, या दोघी मिळून एक पूर्ण विद्यार्थिनी होते. वही बराच वेळ मांडीवर होती.

तीन वर्षांत तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे पोस्टात टाकणार आहे.

मागच्या महिन्यात मी फ्रिजसाठी स्टॅबिलायझर आणला. त्यावर व्होल्टेज दाखवणारी सुई आहे. सकाळी शेतातले पंप सुरू झाले की ती दोनशे तीसवरून खाली येते आणि एकशे पंचावन्नवर थांबते. पहिल्या दिवशी वाटलं, सुईच बिघडली. आठ दिवस रोज पाहिलं. मग कागद घेऊन बसले.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने लिहायला हवं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीत तांड्याच्या पाण्याची मोटर दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जळाली. तीनही वेळा जफरभाईंनीच बोरीच्या दुकानात तिची तार नव्याने भरली होती. मी सुट्टीवर आले होते. तांड्याचे नायक हिरासिंगकाका, त्यांनी बैठक बोलावली आणि म्हणाले, "बाई, तू सायन्स शिकवतं. आता तूच सांग."

मोटरच्या पट्टीवर दोनशे तीस व्होल्ट, साडेसात अँपिअर लिहिलं होतं. आदल्या दिवशी, मोटर जळण्यापूर्वी, माझा भाचा बबलू याने कुठून तरी चिमट्याचा मीटर आणून करंट मोजला होता. अकरा. मी सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. दोनशे तीस भागिले साडेसात, म्हणजे जवळजवळ एकतीस ओहम. दोनशे तीस भागिले अकरा, म्हणजे एकवीस. रोध एवढा कमी झाला, याचा अर्थ तारेचे वेढे कमी भरले, तांबं वाचवलं.

जफरभाई एवढंच म्हणाले, "आपा, लाइनच कमजोर हाय. मोटर बिचारी काय करन?"

मी म्हणाले, "जफरभाई, तोंडी नका सांगू, गणितात दाखवा."

बबलू हसून बोलला, "भाऊ, तांबं पचते का तुमाले?" सगळे हसले. त्या वर्षी बियाणं बोगस निघालं होतं, औषध बोगस निघालं होतं. तारही बोगस, हे ऐकायला लोक तयारच होते. मी त्यांना ते आकड्यांसकट दिलं.

अतिया, ते दोनशे तीस मी पुस्तकातून घेतलं होतं. तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या प्रत्येक उदाहरणात ते दिलेलंच असायचं. पाण्याची मोटरही याच लाइनवर. एकशे पंचावन्न गुणिले अकरा करून बघ. सतराशे पाच वॅट. पट्टीवरचे दोनशे तीस गुणिले साडेसात, सतराशे पंचवीस. मोटर आपल्या वाट्याची शक्तीच घेत होती. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त ओढत होती. आणि तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाने; दुपटीहून जास्त तापत होती. कोणीही भरलेली मोटर तिथे जळालीच असती. शिवाय मोटरचं गणित हीटरइतकं सरळ नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं. जफरभाईंनी चार शब्दांत बरोबर सांगितलं होतं.

परवा मी हिरासिंगकाकांकडे गेले. ते म्हणाले, "तीन साल झाले. आता कायले उकरून काढतं?" मी म्हटलं, नाव भरल्या बैठकीत घेतलं, तर परतही तिथेच द्यायला हवं. काल बैठक झाली. स्टॅबिलायझर नेला, सुई सगळ्यांना दाखवली, आकडे पुन्हा लिहिले. शेवटी चंदावहिनी म्हणाली, "म्हंजे तीन वरसं आपुन भल्या माणसाले चोर म्हणून राह्यलो." बबलू उठून बाहेर गेला.

पण एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही. ती फक्त तुलाच सांगायची आहे.

त्या दिवशी तू मला विहिरीपाशी बाजूला घेतलंस आणि विचारलंस, "उज्ज्वला, व्होल्टेज मोजलंस ना?" एवढी माणसं पाहत होती, गणित होऊन गेलं होतं. मी म्हणाले, "हो."

मी मोजलं नव्हतं. मीटर हातातही घेतला नव्हता.

मग तू वळून जफरभाईंकडे पाहिलंस. ते कसं पाहिलंस, ते मला दिसलं. त्यांनाही दिसलं. बोरीचं दुकान त्यांनी लोकांमुळे बंद केलं असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्या पाहण्यामुळे केलं. आज राळेगावला दुसऱ्याच्या दुकानात ते मोटर भरतात, त्याला मीच कारण आहे.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. तू त्यांच्यावर अविश्वास दाखवला नाहीस, माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढं तरी त्यांना कळू दे. माफी मागायला हिरासिंगकाका, चंदावहिनी आणि मी राळेगावला येऊ, पण जफरभाई या म्हणाले तरच. नको म्हणाले तर तेही बरोबरच असेल.

पत्राखाली नुसतं नाव लिहिते. त्याच्या आधी 'तुझी' लिहायचं की नाही, ते तू ठरव.

उज्ज्वला