रंग ढवळायची काठी

दादा,

बाबांच्या रंगकामाच्या सामानाची वाटणी झाली, तेव्हा शिडी नि ब्रश तू घेतलेस. रंग ढवळायची काठी माझ्या हातात कोंबून हसलास, "घे, तुला खेळायला."

काठीवर चाळीस वर्षांच्या रंगाची पुटं होती. तिचे तुकडे करून पेनं बनवायला घेतली, पण घाई केली. आतला रंग ओलाच राहिला आणि दोन तुकडे रेझिनच्या घट्ट होणाऱ्या रसात फुगून वाया गेले. तिसरा महिनाभर वाळवला, मग रेझिनमध्ये बसवून लेथवर कातला. आपल्या दाराचा निळा, शाळेचा पिवळा, बाबांनी रंगवलेलं अख्खं गाव बोटभर पेनात उतरलं.

काल वहिनी आली. "ह्यांनाही तसलं पेन हवंय, पण मागायला जीभ रेटत नाही."

शेवटच्या तुकड्याचं तुझं पेन तयार आहे. हे पत्र मात्र धाडणार नाही. डबीत नुसती चिठ्ठी ठेवलीये: "घे, तुला खेळायला."

तुझी धाकटी