विलायतेची शपथ आणि कांताचं कॉलेज

केळझर, जून १९५८

तीर्थरूप कमलाताईस धाकट्या चिंधूचा जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला यांत आधी कोण बरं झालं ते कळव. आईची तब्येत उत्तम आहे (म्हणजे सकाळपासून शेजारच्या दोघींशी भांडून झालं आहे). कांता मॅट्रिक पास झाली हे तुला तारेनं कळवणार होतो, पण तार म्हटली की नागपुरात तुमच्या इंदोऱ्यात आधी रडारड होते आणि मग वाचतात, म्हणून पत्रच लिहितो. आपल्या वस्तीतली मॅट्रिक झालेली ती पहिली पोरगी. हेडमास्तर स्वतः म्हणाले, हिला नागपूरला कॉलेजात घाला. मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगून आलो की माझी कांता प्रोफेसर होणार (हेडमास्तर एवढं काही म्हणाले नव्हते).

पण माशी शिंकली ती तळेगावच्या मोतीलालमुळे. मोतीलाल म्हणजे तुझ्या भावजयीचा, यशोदेचा मावसभाऊ, जो आगबोटीवर भांडी घासत विलायतेला गेला आणि तिथंच लोखंडाच्या कारखान्यात चिकटला. तो आता सुट्टीवर आला आहे, आणि आमच्याकडे आला तो या उन्हात ओव्हरकोट घालून. कोट काढा म्हटलं तर काढेना. माणूस विलायतेहून आलाय हे दिसायला नको? घाम पुसत पुसत त्यानं कांतासाठी स्थळ काढलं. त्याचा मेहुणा नत्थू तिकडेच कामाला आहे. लग्न करून कांतानं तिकडे जायचं आणि काही वर्षांनी दोघांनी तिथलंच नागरिक व्हायचं. तिथं नळावर कुणी जात विचारत नाही, असं तो सहज बोलून गेला. इथं पाटलाच्या विहिरीवर आपली पोरं अजून ओंजळ धरून लांब उभी असतात. त्यात धर्म बदलल्यापासून शिक्षणाच्या सवलतींचं भिजत घोंगडं पडलं आहे, आज मिळेल उद्या मिळेल. मग कॉलेज करून तरी काय, असं मला वाटलं. चहा संपायच्या आत मी प्रोफेसर रद्द केली आणि पोरगी विलायतेला पाठवून मोकळा झालो (मनातल्या मनात; कांताला विचारायचं राहूनच गेलं).

यशोदेनं तर लगेच पापड कोणाकडून लाटून घ्यायचे ते ठरवलं. मी मोतीलालला विचारलं, नागरिक होतात तरी कसे? तो म्हणाला, "काई नाई जी, शपथ घ्या लागते."

आता शपथ म्हटल्यावर आपल्याला कोणी शिकवावं लागतं का? अजून दोन वर्षंही झाली नाहीत, नागपूरला पांढरे कपडे घालून लाखोंच्या गर्दीत आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. एका दिवसात माणूस ताठ होतो हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मला वाटलं, हेही तसंच असणार. आणि तेव्हा अख्खी वस्ती बरोबर गेली होती, तर आता एकट्या कांतानं काय म्हणून जावं? मी घरोघर सांगून आलो की रविवारी शपथ आहे, मोतीलाल सांगेल, सगळ्यांनी मागून म्हणायचं. केळझरच्या दुकानातली कपड्यांची नीळ शनिवारीच संपली. रविवारी पंचशील झेंड्यासमोर वस्ती पांढरीशुभ्र होऊन बसली. लहानूनं विचारलं, विलायतेला जाताना बकऱ्यांचं काय (ते मलाही ठाऊक नव्हतं). तेवढ्यात वासुदेवराव पाटील धापा टाकत आले. जन्मात आमच्या गल्लीत न शिरलेला माणूस! "काऊन रे चिंधू, सारेच चाल्ले म्हंते? मंग कापूस कोन येचन?" खरं सांगतो ताई, त्यांचा चेहरा पाहूनच मला नागरिक झाल्यासारखं वाटलं.

मोतीलाल मात्र कोटाचं बटण चाळवत बसला. हळूहळू त्याच्याकडून निघालं की शपथ इथं होतच नाही. तिकडे राहून झाल्यावर एकेकट्यानं घ्यायची, आणि तीही म्हणे राणीच्या नावानं. यावर आई उठली.

"ते राणी कशी झाली? परीक्षा देल्ली का तिनं?"

"नाई मावशी, बापाची गादी हाय ते."

"म्हंजे जन्मावरूनच मोठी! मंग बापा, आमी तेच तं सोडून आलो ना!"

वस्ती इतकी हसली की मोतीलालनं शेवटी कोट काढला. मग कांता उभी राहिली. मला वाटलं लाजेल, पण सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, मले नागरिक व्हाचंच हाय. पन मी इथलीच अजून पुरी कुठं झाली? आंदी शिकून इथली होऊ दे, मंग तुमची राणी पाहू." माझे डोळे भरून आले. मोतीलालही रागावला नाही. तिकडे शिकलेल्याला खुर्ची मिळते आणि मला हातोडा मिळाला, म्हणाला. शिकू द्या जी तिले. तर मी प्रोफेसर पुन्हा कायम केली. शिकल्यावर तिला कुठल्या देशाची व्हायचं असेल ते ती ठरवील, आणि तेव्हा तो देशच तिला विचारायला येईल, असं मला वाटतं.

एकूण सगळा आनंद आहे, आणि तुला तसदी द्यावी असं इकडे काहीच नाही. भाऊजींना जयभीम.

तुझा,
चिंधू

ता.क. एक लहानशी तसदी आहे. कॉलेज होईपर्यंत कांताला तुझ्याकडे ठेवून घे. खोली एकच आहे, भाऊजी रात्रपाळी करून दिवसा झोपतात, हे सगळं मला ठाऊक आहे. ती पुस्तक मनातल्या मनात वाचते.

आणखी ता.क. नकार टपालानं कळवू नकोस, कारण हे पत्रही टपालानं आलेलं नाही. पाकीट दारात दे आणि आत्या पुरतं वाचेपर्यंत बाहेरच उभी राहा, असं मीच कांताला बजावलं आहे (आधी आत आली असती तर तू तिच्या गळ्यात पडून रडली असतीस आणि पत्र चुलीपाशी राहिलं असतं). आता वाचून झालं. बोलाव तिला आत. आपल्या पोरीनं कुणाच्या दाराबाहेर उभं राहायची ही शेवटची वेळ.