पळीभर गंगा

नांदेड, २५ जानेवारी २०२५

प्रिय भागवत,

रविवार, १२ जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वेळ मी घड्याळात पाहून ठेवली आहे, म्हणजे पुढे 'तसं झालंच नव्हतं' म्हणायची सोय नको. त्या वेळी तू दादांच्या पाठची उशी काढलीस, त्यांना आडवं केलंस आणि तोंडात पळीभर गंगा ओतलीस. का, तर शेजारच्या नागुबाई म्हणाल्या, "घाल बाप्पा, येळ झाली." तुझ्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता, भागवत, ते मरत नव्हते. तोंड उघडं टाकून झोपले होते, चाळीस वर्षं झोपतात तसे.

आता गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेव आणि आवंढा गिळ. बोटाखाली काहीतरी वर उडालं ना? त्या क्षणी श्वास थांबतो, श्वासनळीचं तोंड मिटतं आणि तिच्यामागची अन्ननळी उघडते. घास उतरला की सगळं पुन्हा जागेवर. दिवसातून शेकडो वेळा, कुणी न सांगता. तू उसाला पाणी देताना पाटाचं एक दार मातीनं बुजवून मगच दुसरं फोडतोस, तसंच. झटक्यानंतर दादांचं बुजवणं जरा उशिरा होऊ लागलं. दाट पेज सावकाश सरकते, थांबते. पाणी कुणासाठी थांबत नाही. म्हणून मी त्यांना ताठ बसवून, हनुवटी खाली घ्यायला लावून, चमच्याचमच्यानं पेज भरवत होते. शिरूरला फोन करून हे तुला दोनदा सांगितलं. तू "हाव वहिनी, हाव" करत राहिलास.

पाणी फुप्फुसात गेलं. सहा दिवस दवाखाना आणि तेव्हापासून नाकातून नळी.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू सात वर्षांचा, आई गेलेली. दादा शेतातून आले की हातपाय धुऊन आधी तुला भरवत. तू घास गालात धरून बसायचास. ते स्वतःचा जबडा वासून म्हणायचे, "आ कर, माझ्या वाघा." कॉन्व्हेंटमध्ये मला मिटल्या तोंडानं जेवायला शिकवलेलं, मला तो प्रकार अगदी गावंढळ वाटे.

काल गिळणं तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. गळा सुधारलाय, घट्ट दही उतरेल म्हणाल्या. पण तोंड उघडायला हवं ना! चमचा दिसला की दादा ओठ मिटतात. वाचा गेली तरी डोळे शाबूत आहेत. तू आलास की बसायचास त्या खुर्चीकडे बघतात, मग माझ्याकडे. दवाखान्यात मी तुला सगळ्यांदेखत खुनी म्हणाले, परत तोंड दाखवू नकोस म्हणाले, ते त्यांनी ऐकलं होतं. पाणी घातलंस ही तुझी चूक. तो शब्द ही माझी. लिहून देते, तोंडी मला जमणार नाही. मंगळवारी, ४ फेब्रुवारीला डॉक्टर पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवणार आहेत. त्याआधी दादा तोंडानं खाऊ लागले, तरच टळेल. तू येणार की नाही, हे शनिवारी, १ फेब्रुवारीला दुपारी बाराच्या आत मला लेखी कळव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. टपालावर माझा भरवसा नाही. उत्तर स्वतः घेऊन ये. दही मी रोज लावते आहे.

तुझीच वहिनी,
विजयमाला