मानाप्रमाणे वाढलेली कॉफी

ती. मामांस,

लांबूनच, आपल्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसून, तीन टाळ्या वाजवून नमस्कार. गुडघा कसा आहे? काळी डुकरीण व्यायली का? (पांढरीची चौकशी करत नाही, ती माझ्यावर रागावलेली आहे.) इकडे सुवा शहरात मी खुशाल.

बोट सुटताना तुम्ही बजावलं होतं, "सेरू, सुतारकाम सोडलंस, बोटीवरची नोकरी सोडलीस. आता हे प्रयोगशाळेचं शिक्षणही सुटलं, तर गुमान घरी येऊन यांगोनाच्या मळ्यात कुदळ धरायची." ते ध्यानात आहे. म्हणूनच आधी सांगून टाकतो, औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी नापास झालोय, पण अजून पुरता नाही.

प्रयोग साधा होता. अर्ध्या मुलांना खरी कॉफी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आतलं उत्तेजक द्रव्य काढून टाकलेली. कुठली कुणाला, ते चिठ्ठ्या उचलून ठरवायचं, आणि पिणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. मग नाडी मोजायची. नाडी औषधाने वाढते की नुसत्या समजुतीने, ते त्यावरून कळतं. गौंडर मॅडमनी (बाई कडक, पण डब्यातली रोटी वाटून खातात; त्यांच्या भोपळ्याच्या भाजीवर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं) वाढायचं काम माझ्याकडे दिलं. आता तुम्हीच सांगा, जन्मभर यांगोनाचं पेय मानाच्या क्रमाने वाढलेल्या आपल्या माणसाला पेला हातात आल्यावर दुसरं काय सुचणार? मी सगळ्यांना मानाप्रमाणे बसवलं. सरदाराच्या मुलाला, रातू कितिओनेला, चिठ्ठी कोण उचलायला लावणार? त्याला पहिला पेला, काठोकाठ, भरतीचा. दाराजवळच्या तोमासीला शेवटचा, तळाशी घोटभर, ओहोटीचा. प्रत्येक पेल्याला टाळ्या. किटल्या दोन होत्या. हाताला आली ती आधी उचलली, आणि ती वरच्या मंडळींतच संपली. नेमकी तीच खरी निघाली.

मोठ्या घराण्यातल्यांचं काळीज जोरात धावतं, असा निष्कर्ष आमच्या वर्गातल्या लोसालिनीने फळ्यावर लिहिलासुद्धा!

"अरे बाबा, मात्रा वजन बघून ठरवतात, मान बघून नाही!" मॅडम ओरडल्या.

"पण मॅडम, कितिओनेचं वजनही आहेच की," मी म्हटलं.

"तुझ्या डोक्यापेक्षा जास्तच आहे," कितिओने म्हणाला. वर्ग हसून फुटला. मॅडम पाठ फिरवून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. माझी आशा तिथेच जन्मली. पुढच्या शुक्रवारी प्रयोग पुन्हा करायचाय, चिठ्ठ्या उचलून, वजनाप्रमाणे मोजून. एकच अट, वाढणारं माणूस बाहेरचं हवं आणि कुणापुढे न वाकणारं. जमलं तर पास. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा,
सेरुपेपेली

ता. क. मी तुमचा वासू. बहिणीच्या मुलाने मागितलं की मामाने नाही म्हणायचं नसतं. (होडी मागितली तेव्हा तुम्ही ती झाडीत लपवलीत, ते सोडून देऊ.) या खेपेला मला मामी हवी. गावजेवणात सरदाराला आणि डुकरं राखणाऱ्याला एकाच डावाने, एकाच मापाचा मासा वाढणारी दुसरी बाई मला ठाऊक नाही.

ता. क. दुसरा. मागितलं म्हणजे कळवलं. गावच्या दवाखान्याच्या फोनवर तिच्याशी बोलणं झालंय. हे पत्र आणणाऱ्या बोटीनेच ती निघते आहे. "पोरा, नवऱ्याला मी जास्तीचा घास वाढत नाही, तिथे रातू कोण?" असं म्हणाली. शिवाय, दालोचे कंद कसे उकडतात ते तुम्ही शेजारी विचारून घ्यावं, असा निरोप आहे.

मी पास होईपर्यंत ती इथेच राहणार आहे. तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना तुम्ही अगदी मनापासून कराल, याची खात्री आहे.